पानिपत ठाऊक असणाऱ्यांनी नाक मुरडू नये

मुलुंड-घाटकोपरकडच्या वाचकांच्या गप्पांत एपिक फॅन्टसीचा विषय निघाला की दोन आक्षेप ठरलेले. ही पळवाट आहे, आणि हे आपलं नव्हे. स्टीव्हन एरिक्सनची ‘मलाझन बुक ऑफ द फॉलन’ ही दहा पुस्तकांची मालिका मला जिवापाड आवडते आणि हे दोन्ही आक्षेप मला अमान्य आहेत.

पळ काढणारा माणूस सुखाच्या गावाला जातो. १९९९ ते २०११ या काळात आलेल्या या मालिकेत तसं गावच नाही. इथे साम्राज्यं सडतात, देव माणसांना वापरून घेतात, जीव जडलेलं पात्र डोळ्यांदेखत मरतं. संध्याकाळच्या जलद लोकलमध्ये एका हाताने कडी धरून हे वाचणाऱ्याला नुसता विरंगुळाच हवा असता, तर खिशातल्या मोबाइलमध्ये तो भरपूर होता.

दुसरं पुस्तक घ्या, २००० सालचं ‘डेडहाउस गेट्स’. बंडाने पेटलेल्या मुलखातून कोल्टेन हा सेनापती हजारो निर्वासितांना घेऊन निघतो. त्यांत लेकुरवाळ्या बाया आहेत, जखमी आहेत आणि संकटातही मानपान न सोडणारे उमरावही आहेत. फौजेला त्यांच्याच पावलाने चालावं लागतं. पाण्यासाठी नदी गाठावी तर तिथे शत्रू दबा धरून. डुइकर नावाचा म्हातारा इतिहासकार सोबत चालतो, कारण हे कुणीतरी पाहून ठेवलं पाहिजे. शेवटी निर्वासित शहरात पोचतात. कोल्टेन तटाबाहेर मारला जातो आणि आतली फौज तटावरून बघत राहते.

हे वाचून मराठी माणसाला पानिपत आठवणार नाही? १७६१ च्या त्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, हजारो बुणगे होते. रसद तुटली, उपासमार झाली, आणि १४ जानेवारीनंतर त्यांतले असंख्य कापले गेले किंवा गुलाम झाले. आपण मात्र पानिपत सांगताना सेनापतींच्या चुका मोजतो. बुणगे त्या हिशेबात येतात ते फौजेच्या गळ्यातलं लोढणं म्हणून. एरिक्सनच्या कथेत लढाईचं कारणच ते आहेत. ही माणसं वाचली तर सेनापतीच्या मरणाला अर्थ आहे, असं तो ठामपणे मांडतो. त्याच्या काळोखातली ही करुणा मला या मालिकेत गुंतवून गेली.

‘हे आपलं नव्हे’ म्हणणाऱ्यांनी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ पुन्हा काढावं. महाभारताचा कठोरपणा त्यांना मोलाचा वाटत होता आणि पुढच्या भाबड्या भक्तीत तो हरवला याची त्यांना खंत होती. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतो; स्त्रीपर्वात बायका रणांगणावर आपापल्या माणसांची प्रेतं शोधतात. याहून काळोखी महाकथा कोणती? कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, एरिक्सनही मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व शिकलेला. म्हणून त्याच्या जगात गाडलेल्या संस्कृतींवर नव्या वस्त्या उभ्या असतात. बोरिवलीच्या मंडपेश्वराला शैव लेणी आणि त्यांच्या वरचे पोर्तुगीज वास्तूचे भग्नावशेष एकत्र पाहिलेल्याला हे जग परकं वाटायचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. या प्रकारातले काही लेखक रक्तपात आणि स्त्रियांवरचे अत्याचार फोडणीसारखे वापरतात. मलाझनमध्येही काही पानं असह्य होतात. शिवाय ‘गार्डन्स ऑफ द मून’ हे पहिलं पुस्तक काहीच समजावून देत नाही. पात्रांची यादी पुन्हा पुन्हा चाळावी लागते. अनेकजण तिथेच थांबतात आणि त्यांना मी दोष देणार नाही.

टॉल्किनची मुद्रिका मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. मग कोल्टेनची वाटचाल का येऊ नये? दहाही पुस्तकांचा आग्रह नाही. ‘डेडहाउस गेट्स’ची कथा बरीचशी स्वतंत्र उभी राहते, तेवढं एक पुस्तक एखाद्या मराठी प्रकाशकाने हाती घ्यावं, आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या वाचनालयांनी त्याची मागणी आजच नोंदवावी.