निघण्याआधी गाडी काट्यावर घाला
अमेरिकेतील मराठी कुटुंबांना कळकळीचे आवाहन

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड तोंडावर आला आहे. शाळांना सुट्ट्या लागतील, भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि अनेक घरांसमोर सिएना, ओडिसी किंवा कार्निव्हलसारख्या मिनीव्हॅनच्या मागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडायची लगबग सुरू होईल. बेत छान आहे, जरूर जा. पण निघण्याआधी माणसे, सामान आणि ट्रेलर यांसह गाडीचे वजन करून घ्या. ते केल्याशिवाय कृपा करून हायवेला लागू नका.

आपली फसगत होते ती 3,500 पौंड या आकड्यामुळे. बहुतेक मिनीव्हॅन इतके वजन ओढू शकतात असे माहितीपत्रकात छापलेले असते आणि आपण निर्धास्त होतो. पण तो आकडा चालक आणि फार तर एक सोबती धरून काढलेला असतो. सुट्टीत आपल्या गाडीत दोनच माणसे कधी असतात?

आजच ड्रायव्हरचे दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. समजा तिथे 1,300 पौंड आहे. नवरा-बायको 320, आजी-आजोबा 280, दोन मुले 140, झाले 740. बॅगा, कूलर, खुर्च्या, कुकर, डबे यांचे 200. गाडीला ट्रेलर जोडायच्या हिचच्या लोखंडाचे 50. एकूण 990, म्हणजे उरले 310.

आता ट्रेलर. कागदावर त्याचे वजन 2,300 पौंड, पण ते रिकाम्या ट्रेलरचे. 20 गॅलनची टाकी भरली की 166 पौंड पाणी. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर 74, बॅटरी 50, आणि गाद्या, भांडी, किराणा धरला की ट्रेलर सहज 2,800 वर जातो. त्याचा 10 ते 15 टक्के भार पुढच्या टोकातून गाडीच्या हिचवर येतो. याला टंग वेट म्हणतात आणि तो गाडीतल्या सामानातच मोजायचा असतो. 12 टक्के धरले तर 336 पौंड. आपल्याकडे शिल्लक होते 310. ट्रेलर 3,500 च्या 700 पौंड आत असूनही गाडी मर्यादेबाहेर गेली!

मिनीव्हॅन बहुतेक पुढच्या चाकांवर चालते. मागचा भाग दबला की पुढची चाके हलकी होतात, आणि गाडी ओढणे, वळवणे, बरेचसे ब्रेक लावणे हे सगळे त्याच चाकांकडे असते. चढावर ताण आणखी वाढतो. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-5 वर ग्रेपव्हाइनच्या चढाला इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा असे फलक लावलेले आहेत. तिथे गिअरबॉक्सचे तेलही तापते, आणि उतारावर जास्तीचे वजन ब्रेकवर येते.

हिचवरचा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या भागात मात्र कधीही सरकवू नका. टोक हलके झाले की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि वेगात व्हॅनलाही फिरवतो. साधारण 60 टक्के सामान चाकांच्या पुढे हवे. ट्रेलर झुललाच तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलरच्या हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. व्हॅनचा ब्रेक दाबू नका.

गाडीला काय हवे, ते मॅन्युअल समोर ठेवून तपासा:

1. हिच आणि बॉल. 5,000 पौंडांचा हिच बसवला म्हणून व्हॅनची ताकद वाढत नाही. व्हॅन, हिच आणि बॉल यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा. बॉल ट्रेलरच्या टोकाच्या कपलरच्याच मापाचा हवा; दोन इंची कपलरमध्ये पावणेदोन आणि दोन इंचांच्या मधला लहान बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. पॅसिफिका हायब्रिड या मिनीव्हॅनने ट्रेलर ओढायला कंपनीचीच परवानगी नाही.

2. ब्रेक. चार पिनांच्या वायरिंगवर फक्त दिवे लागतात. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचा सॉकेट आणि चालकाच्या हाताशी ब्रेक कंट्रोलर लागतो. कॅलिफोर्नियात 1,500 पौंड आणि त्यावरच्या कॅम्पिंग ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत.

3. साखळ्या. कपलरखाली फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे टोक साखळ्यांवर पडेल, रस्त्यात रुतणार नाही. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल साखळीला अडकवू नका, वेगळी लावा.

4. टायर. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी जुने होतात. बाजूवर डॉटनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. पाच-सहा वर्षे झाली असतील तर बदला. हवा थंड टायरमध्ये भरा.

5. कूलर आणि आरसे. मॅन्युअलने गिअर ऑइलचा कूलर सांगितला असेल तर तो बसवल्याशिवाय ट्रेलर जोडू नका. ट्रेलर व्हॅनपेक्षा रुंद असेल तर बाहेर येणारे आरसे लावा.

मग सगळ्यांना बसवून, सामान भरून जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलर यांचे वजन वेगवेगळे छापलेली पावती मिळते. ती दारावरच्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा.

वजन जास्त भरले तर मार्ग आहेत. पाणी कॅम्पग्राउंडवर जाऊन भरा. आजी-आजोबांना दुसऱ्या गाडीतून न्या. हलका पॉप-अप ट्रेलर भाड्याने घ्या, किंवा या वेळी केबिन घ्या. मात्र गाडीत जागा नाही म्हणून कोणालाही चालत्या ट्रेलरमध्ये बसवू नका. कॅलिफोर्नियात तो गुन्हा आहे. तिथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादाही ताशी 55 मैल आहे. इतर राज्यांचे नियम निघण्याआधी पाहून घ्या.

महाराष्ट्र मंडळांना विनंती: सुट्टीआधीच्या एखाद्या शनिवारी पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर तपासणी ठेवा. ट्रेलर ओढण्याचा सराव असलेल्या सभासदांनी नवख्यांचे कपलर, साखळ्या, दिवे, टायर नजरेखालून घालावेत. तासा-दोन तासांचे काम आहे.

आणि ज्यांनी ट्रेलर आधीच बुक केला आहे, त्यांनी आज दारावरचा आकडा लिहून घ्यावा, येत्या वीकेंडला काट्यावर जाऊन यावे. आकडे जुळले तर बिनघोर निघा. नाही जुळले, तर घरातली कितीही मंडळी रुसली तरी ट्रेलर सोडून जा.