दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी पहिलीची फाइल उघडा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षांनी वजन पुन्हा वाढलं, की घरचे, शेजारचे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा एकच गोष्ट गृहीत धरतात: हिने तोंडावर ताबा ठेवला नाही. मी जबलपूरला राइट टाउनमध्ये राहते, शाळेत गणित शिकवते. २०१६ मध्ये माझी स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ मध्ये बायपास, म्हणजे अन्नाची वाट वळवून आतड्याला जोडण्याची. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते, की पहिली शस्त्रक्रिया का फसली हे शोधल्याशिवाय दुसरी कोणी सुचवू नये आणि रुग्णाने ती स्वीकारू नये.

नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून आमच्या नागपूरकडच्या नातेवाइकांत तिची भीती बरीच कमी झाली होती. २०१६ मध्ये माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तो भागही त्यात जातो. म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. माझं वजन ७९ वर आलं. गोलबाजारच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीला भेटणाऱ्या बायका मला ओळखायच्या नाहीत.

मग भूक परतली. वजन हळूहळू १०४ झालं आणि रात्री आडवं झालं की घशापर्यंत आंबट पाणी यायला लागलं. उशा रचून, जवळजवळ बसूनच झोपायची. आत्या म्हणाली, "खव्याची जिलबी सुटली नसेल तुझी." शेजारच्या भाभींनी विचारलं, "दीदी, इतना पैसा लगाया, फिर भी?" जबलपुरात राहून खव्याची जिलबी कोणाला चुकली आहे? आमच्याकडे ती सणावारी येते, तशी तेव्हाही येत होती. पण घशात येणारं आम्ल जिलबीने समजावता येत नाही, आणि सगळं वाढलेलं वजनही नाही.

अशा शस्त्रक्रियांचा स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात दहा वर्षांनंतर बायपासच्या रुग्णांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी राहिलं होतं, तर जठराला पट्टा बांधलेल्यांचं १४ टक्के. सर्वांत कमी वजन पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसलं, त्यानंतर सगळ्याच गटांत थोडं थोडं परतलं. स्थूलपणा हा आयुष्यभराचा आजार आहे आणि शरीर गमावलेलं वजन परत मिळवायला झटतं. सुमारे ५०० किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इजिप्तची इमान अहमद २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन ज्या जनुकामुळे काम करतं, त्यातच तिच्या तपासणीत दोष सापडला. अशा माणसाला तोंडावर ताबा ठेव म्हणून सांगणं क्रूरपणाचं आहे. प्रत्येकात असा दोष नसतो, हे खरं. पण कारण शोधायची जबाबदारी वैद्यकाची असते, आत्याची नव्हे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला मी एका मोठ्या रुग्णालयाला फोन केला. पलीकडच्या मुलीने वजन आणि उंची विचारली, पॅकेजची रक्कम सांगितली आणि पुढच्या आठवड्यातली तारीख देऊ केली. कोणती शस्त्रक्रिया, ते आल्यावर डॉक्टर ठरवतील म्हणाली. मी फोन ठेवला. ज्या पोटावर आधी कापाकापी झाली आहे, तिथे आतडी आणि जठर आजूबाजूला चिकटलेली असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, शिवणीतून गळती होण्याचा धोका पहिल्या खेपेपेक्षा जास्त असतो. असा निर्णय टेलिफोनवर घ्यायचा नसतो.

नागपूरच्या ज्या सर्जनकडे शेवटी गेले, त्यांनी पहिल्या भेटीत तारीख दिलीच नाही. त्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणं मागवली. दुर्बिणीतून तपासणी केली, बेरियम पाजून एक्स-रे काढले, थायरॉइड आणि बी-१२ पाहिलं, आहारतज्ज्ञाकडून रोजचं खाणं लिहून घेतलं. जठराचा वरचा भाग फुगलेला निघाला. छातीच्या पडद्यातून जठर वर सरकलं होतं आणि अन्ननलिका आम्लाने सोलवटली होती. आत्याला हे कळलं तेव्हा ती गप्प बसली.

आता निवड. जठर पुन्हा कापून बारीक करता आलं असतं, पण नळी अरुंद झाली की आतला दाब वाढतो आणि आम्ल आणखी वर येतं. मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो, शस्त्रक्रिया आटोपशीर होते, पण पित्त जठरात येण्याची शक्यता राहते. ज्यांना आम्लाचा त्रास नाही आणि वजन खूप जास्त आहे, त्यांच्यासाठी आतड्याचा आणखी मोठा भाग वळवण्याचे प्रकार आहेत. त्यांत वजन चांगलं उतरतं, मात्र कुपोषणाचा धोका वाढतो. मी शाकाहारी, प्रथिनांसाठी वरण, पनीर आणि सोयाबीनवर अवलंबून. त्यामुळे तो मार्ग मी नाकारला आणि वाय आकाराचा जुना बायपास निवडला. फिनलंडच्या दहा वर्षांच्या पाहणीत स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आढळली, बायपासच्या फक्त ७ टक्के रुग्णांच्या. हा धोका मला २०१६ मध्ये सही करण्यापूर्वी कोणी सांगायला हवा होता, अशी माझी तक्रार आहे. त्या वेळी हे आकडे उपलब्ध नव्हते, पण स्लीव्हनंतर आम्ल वाढू शकतं हे तेव्हाही ठाऊक होतं.

"परत पोटात हात घालायचा?" असं माझे यजमान विचारत राहिले. त्यांची भीती रास्त होती. पण आम्ल थांबलं, मी सपाट झोपते, आणि वजन ८४ च्या आसपास स्थिर आहे. बदल्यात लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ आयुष्यभर घ्यायचं आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणून खायचं नाही, कारण आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय सहज मिळते, म्हणून हे ठळक सांगते.

आज हा प्रश्न पडलेल्यांकडे आणखी एक वाट आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली. केवळ वजन परतलं असेल, रचनेत बिघाड नसेल, तर पुन्हा टेबलावर जाण्याआधी त्यांचा विचार झाला पाहिजे. माझ्यासारख्या बिघाडावर ती पुरली नसती.

विम्याच्या नियमांतही दुरुस्ती हवी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) किमान ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर खर्च मिळतो. अन्ननलिका जाळणारं आम्ल त्या यादीत नाही. ते घालावं.

आणि एक मागणी घराजवळची. आमच्याकडचे लोक इंदूर, नागपूर, मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून येतात आणि नंतरच्या तपासण्या अंतरामुळे सुटतात. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात अशा रुग्णांसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा, म्हणजे मंडला, सिवनी, नरसिंहपूरच्या रुग्णांनाही रक्ततपासणी आणि आहारसल्ला इथेच मिळेल. तोवर ज्यांचं वजन परतलं आहे त्यांनी आधी आपल्या पहिल्या रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेच्या टिपणांची प्रत लेखी अर्ज करून मागवावी. ती मिळणं हा आपला हक्क आहे.