विश्लेषण : औंधच्या तळावरील संयुक्त लष्करी सराव नेमके कुणाच्या कामाचे?

वाकडहून औंधच्या दिशेने निघाले की रक्षक चौकाच्या परिसरात लष्करी हद्द लागते. रोज या रस्त्यावरच्या कोंडीत अडकणाऱ्यांपैकी अनेकांना कल्पना नसते, की जवळच्याच औंध लष्करी तळावर गेल्या दशकभरात डझनावारी देशांचे सैनिक सरावासाठी येऊन गेले आहेत. या सरावांत दहशतवादविरोधी कारवाईबरोबर मानवतावादी मदतीलाही मोठे स्थान मिळाले आहे. त्यातून काय साधते आणि काय निसटते, हे पाहायला हवे.

आतापर्यंत कोणते सराव झाले?

मार्च २०१६ मध्ये 'फोर्स १८' हा आसियान आणि सहयोगी अशा १८ देशांचा सराव औंधमध्ये झाला. शांतिसेनेचे काम आणि भूसुरुंग हटवणे हे त्याचे विषय होते. भारतीय तुकडीचे नेतृत्व तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनबरोबरचा 'हँड इन हँड' सरावही इथेच झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये बिमस्टेक देश, तर मार्च २०१९ मध्ये आफ्रिकी देश आले. मार्च २०२३ च्या दुसऱ्या भारत-आफ्रिका सरावात २५ देशांचे १२४ जण सहभागी झाले. त्यानंतर ऑस्ट्रेलिया आणि कंबोडिया (२०२४), उझबेकिस्तान (एप्रिल २०२५) असा क्रम राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात झालेला 'पॅनेक्स-२१' तर बिमस्टेक देशांसाठी केवळ आपत्ती निवारणावर बेतलेला होता.

'मित्रराष्ट्र' म्हणजे कोण?

भारत कोणत्याही लष्करी गटाचा सदस्य नाही. त्यामुळे इथे येणारे देश करारबद्ध साथीदार नसतात, मित्रराष्ट्रे असतात. ही मैत्री राजकारणाबरोबर बदलते. २०१८ च्या सरावातून नेपाळने ऐनवेळी सैन्यतुकडी मागे घेतली. चीनबरोबरचे सराव २०२० च्या गलवान संघर्षानंतर थांबले. म्हणजे एकत्र सराव केल्याने दोन देशांतले वाद मिटतात, हा समज भाबडाच ठरतो.

मग उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारताच्या हवाई दलाचे मदत घेऊन गेलेले विमान यांगूनला उतरले. 'ऑपरेशन ब्रह्मा'त पुढे मंडालेत लष्कराने क्षेत्रीय रुग्णालय उभारले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीतील 'ऑपरेशन दोस्त'मध्येही असेच रुग्णालय उभे राहिले होते. परक्या देशात असे काम करताना भाषा वेगळी, नकाशे वेगळे आणि हुकूम यजमान सरकारचा असतो. जखमींची वर्गवारी कोण करणार, रेडिओवर कोणत्या वारंवारितेवर बोलणार, पाणी आणि इंधन कोण पुरवणार, हे ढिगाऱ्यासमोर उभे राहून ठरवता येत नाही. सरावात ठरते ते हेच.

त्रुटी कुठे आहेत?

पहिली त्रुटी सामूहिक यंत्रणेची. म्यानमार बिमस्टेकचा सदस्य आहे. पण मदत गेली ती भारताची म्हणून, बिमस्टेकची संयुक्त तुकडी म्हणून नव्हे. दुसरी त्रुटी धोरणातील विसंगतीची. भारत इतर देशांच्या सैनिकांना भूसुरुंग हटवण्याचे धडे देतो, पण भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारावर त्याने सही केलेली नाही. लांबलचक सीमांचे कारण दिले जाते आणि ते अगदीच निराधार नाही. तरीही शेतात पाय गमावणाऱ्या गावकऱ्यासाठी सुरुंग कुणी पेरला हा मुद्दा गौण असतो. तिसरी त्रुटी सर्वांत जवळची : या सरावांतले शिक्षण तळाच्या कुंपणाबाहेर फारसे येत नाही.

पिंपरी-चिंचवडचा काय संबंध?

मुळशी आणि पवना धरणांतून विसर्ग वाढला, की मुळा-पवनाकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत लष्कराला उतरावे लागले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. चाकण ते पिंपरी पट्ट्यात धोकादायक रसायने हाताळणारे कारखाने आहेत. त्यांना आपत्कालीन आराखडा आणि रंगीत तालीम बंधनकारक आहे. दुसरीकडे याच परिसरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी सुदुंबरे येथे आहे आणि दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एवढे ज्ञान आणि एवढा धोका इतक्या जवळ असलेली शहरे देशात थोडीच असतील.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. लष्कर येते ते नागरी प्रशासनाच्या मदतीला. म्हणजे मंडालेत जे कौशल्य लागते, दुसऱ्याच्या अधिकाराखाली आणि दुसऱ्याच्या यंत्रणेशी जुळवून काम करण्याचे, तेच वाकडच्या नदीकाठीही लागते.

काय करता येईल?

युद्धविषयक भाग गोपनीय राहायलाच हवा. मात्र आपत्ती निवारणाच्या सत्रांना महापालिकेचे अग्निशमन अधिकारी, पाटबंधारे खात्याचे अभियंते, सार्वजनिक रुग्णालयांचे डॉक्टर आणि कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी निरीक्षक म्हणून बसू शकतात. सरावाच्या नोंदींतील नागरी उपयोगाचा भाग मराठीत काढता येईल. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, तळ, सुदुंबरे आणि महापालिका यांची एकत्र रंगीत तालीम घेता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो एकमेकांना वेळेवर बोलावण्याचा रिवाज.

सराव यशस्वी झाल्याचे पत्रक दर वेळी निघते. पण संकटाच्या पहिल्या तासात कुणाला फोन करायचा हे किती जणांना आधीपासून ठाऊक आहे, यावरच त्याचे खरे मोल ठरेल. हा प्रश्न परदेशी पाहुण्यांइतकाच कुंपणाबाहेरच्या नागरिकांचाही आहे.