रानडुकराला आवतण कशाला?

मका दाण्यावर आला, हरभरा घाट्यावर आला, की आमच्याकडे एकच तक्रार सुरू होते. "साहेब, डुकरांनी रातोरात वावर नांगरून टाकलं." तक्रार खोटी नसते. कळप शिरला की खातो थोडं आणि तुडवतो जास्त. भुईमुगाच्या वावरात तर सकाळी नुसते खड्डे दिसतात. जागलीवर बसून बसून शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. हे दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. कार्यालयातल्या खुर्चीवरून त्याला फुकटचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

पण हल्ली एक नवीनच प्रश्न कानावर येतो. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून तरुण पोरं विचारतात, "साहेब, पाईपात मका भरून ठेवला तर डुकरं तिकडंच गुंततील का?" दुसरा म्हणतो, "गुंतली की तिथंच बंदोबस्त करू." म्हणून आज या पाईपाबद्दलच चार गोष्टी सांगतो.

टेक्सासकडं हा प्रकार चालतो. चार ते सहा इंच व्यासाचा, दोन-तीन फूट लांबीचा पीव्हीसी पाईप घ्यायचा. दोन्ही तोंडांना टोपणं बसवायची. अंगावर मक्याचा दाणा निसटेल एवढी भोकं पाडायची. आत मका भरायचा, पुष्कळदा आंबवलेला, आणि पाईप साखळीनं झाडाला बांधायचा. डुक्कर मुस्काटानं पाईप लोळवतं, दोन-चार दाणे पडतात, ते खाऊन पुन्हा लोळवतं. उघडा टाकलेला मका एका रात्रीत संपतो, पाईपातला पुरवून पुरवून खाल्ला जातो. कळपाला जागेची सवय लागते. मग तिथंच पिंजरा लावतात, नाहीतर बंदूक घेऊन बसतात.

युक्ती नामी आहे, यात वाद नाही. पण ती डुकरं बोलावण्याची युक्ती आहे. आपल्याला तर ती घालवायची आहेत.

शिवाय तिथली डुकरं वेगळी आणि कायदाही वेगळा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली, पुढं शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांचा हा वाढावा आहे. एकट्या टेक्सासात त्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर धरतात. परक्या मुलखातून आलेलं उपद्रवी जनावर म्हणून जमीनमालकाला ते मारायची मोकळीक आहे. २०१९ पासून खासगी जमिनीवर त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. तरीसुद्धा तिथले जाणकार सांगतात, धरायचा तर अख्खा कळप एकदम धरा. दोन धरले आणि आठ सुटले, तर सुटलेले शहाणे होतात आणि पुन्हा पिंजऱ्याकडं फिरकत नाहीत.

आपलं रानडुक्कर याच मातीतलं आहे. वाघ-बिबट्याचं ते भक्ष्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. या कायद्यात शिकारीची व्याख्या कलम २(१६) मध्ये आहे. ती शेतकऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीनंही नीट समजून घ्यावी. मारणं, विष घालणं, फासे लावणं याबरोबरच आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलं आहे. म्हणजे डुकरं गोळा करून धरायच्या किंवा मारायच्या इराद्यानं पाईप टांगला, तर एकही डुक्कर न मरता गुन्हा लागू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका पाईपापायी घरातल्या कर्त्या माणसाला कोर्टाच्या खेटा घालायच्या का?

कोणी म्हणेल, "आम्हाला मारायचं नाही, नुसतं जंगलाच्या कडेला गुंतवून ठेवायचं आहे." तेही अंगलट येतं. डुकराचं नाक तिखट. मक्याच्या वासावर लांबचे कळपही येतील, आणि पाईप रिकामा झाला की समोर कोणाचं तरी वावर आहेच. एका गावात मी पाहिलं, एकानं सडका मका धुऱ्याबाहेर टाकला आणि तिसऱ्या रात्री शेजाऱ्याचा भुईमूग गेला. दोन घरांचं बोलणं बंद झालं. आपलं दुखणं शेजाऱ्याच्या धुऱ्यावर ढकलणं हा उपाय नव्हे. त्यात डुकरीण साधारण ११५ दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं देते. खायला मुबलक असलं की पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. आपणच खुराक घालून पुढच्या हंगामाचे चोर पोसायचे, असा हा धंदा होईल.

आणि आमिषाची वाट पाईपावर थांबत नाही. पुढं कणकेत लपवलेला गावठी बॉम्ब येतो, मग वावराभोवती सोडलेली जिवंत तार येते. मे २०२० मध्ये केरळात पलक्कड जिल्ह्यात गाभण हत्तीण अशाच स्फोटक आमिषानं तोंड फाटून मेली. ते आमिष रानडुकरांसाठी ठेवलेलं होतं. गावठी बॉम्ब गाय, कुत्रं की गुराखी पोर, काही ओळखत नाही. तारेचंही तेच. विदर्भात अशा तारेनं वाघ मेले आणि माणसंही मेली. कधी शेजारी, कधी खुद्द घरधनी.

मग करायचं काय? नुकसान दिसलं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडं, वनपालाकडं किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या. सोबत सातबारा आणि फोटो जोडा, पोच घ्या, आणि पंचनामा होईपर्यंत वावर साफ करू नका. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. त्याची सूचना ७२ तासांत द्यायची आहे. आपला जिल्हा आणि आपलं पीक त्यात बसतं का, हे विमा भरतानाच विचारून घ्या. उपद्रव फारच वाढला तर कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरांच्या बंदोबस्ताची परवानगी देता येते. पण ती वनखात्याकडून लेखी घ्यायची असते. आपल्या मनानं बंदूक उचलायची नसते.

सौर कुंपण एकट्यानं केलं तर डुक्कर शेजारच्या वावरातून वळसा घालतं. शिवाराच्या जंगलाकडच्या अंगाला दहा-वीस जणांनी मिळून केलं तर उपयोग होतो. त्याच्या यंत्रातून क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. मात्र तार थेट लाईनला जोडली की ते कुंपण राहत नाही, फास होतो. धुऱ्यालगतची घाणेरीची झुडपं तोडा, दिवसा कळप तिथंच दडतो. जागलीच्या पाळ्या गावानं लावाव्यात.

शेवटी दोन शब्द आम्हा सरकारी माणसांसाठी. अर्ज दिल्यावर पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही, की शेतकरी तारेकडं वळतो. वनरक्षक म्हणतो तलाठ्याला विचारा, तलाठी म्हणतो कृषीवाल्याला विचारा, आणि तोवर वावर वखरून होतं. या दिरंगाईत आमच्या खात्याचाही वाटा आहे, हे मी कबूल करतो. ग्रामसभेनं डुकरांच्या नुकसानीची एक नोंदवही ठेवावी. अर्ज कधी दिला, पंचनामा कधी झाला, पैसे कधी मिळाले, हे त्यात लिहावं आणि दर सभेत आम्हाला समोर उभं करून जाब विचारावा. डुकराला मक्याचं आवतण देण्यापेक्षा आम्हाला हे आवतण द्या. आम्हाला यावंच लागेल.