चाचणी पाच मिनिटांची, पाठपुरावा सहा महिन्यांचा
नवजात बालकांच्या श्रवण तपासणीचे यश यंत्रावर कमी आणि यंत्र हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यावर अधिक अवलंबून

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये वेळीच शोधायच्या आजार व दोषांची यादी या कार्यक्रमात आहे आणि त्यात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. त्यामुळे या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या शहराला, वसई-विरारला, एक प्रश्न विचारणे रास्त ठरते. सार्वजनिक रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या कानांविषयी शंका आली, तर ते बालक पुढे नेमके कोठे जाते?

कायमस्वरूपी व लक्षणीय श्रवणदोष दर हजार जन्मांमागे एक ते तीन बालकांत आढळतो, असे जागतिक पातळीवर मानले जाते. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. अत्यल्प वजन, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, काही प्रतिजैविकांचा दुष्परिणाम ही त्याची ज्ञात कारणे. मात्र श्रवणदोष असलेल्या सुमारे निम्म्या बालकांत असे कोणतेही धोक्याचे लक्षण नसते आणि बहुतेकांचे आईवडील उत्तम ऐकणारे असतात. म्हणून केवळ ‘जोखमीची’ बालके तपासून भागत नाही. सर्वच बालके तपासावी लागतात.

वेळ का महत्त्वाची?

घरोघरी थाळी वाजवून बाळाची परीक्षा घेतली जाते. अंशतः ऐकू येणारे बाळही त्या मोठ्या आवाजाने दचकते आणि घरचे निश्चिंत होतात. पुढे दोन वर्षांचे मूल बोलत नाही तेव्हा ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ अशी समजूत काढली जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ख्रिस्तीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, हा जगभर रूढ झालेला दंडक याच विचारावर उभा आहे. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट वा खुणांची भाषा, मार्ग कोणताही असो. बालकाला भाषा लवकर मिळाली पाहिजे.

वॉर्डातील काम

चाचणी दिसायला सोपी आहे. ‘ओएई’ यंत्राची मऊ टोकाची छोटी कांडी बाळाच्या कानात बसवतात. तिच्यातून बारीक आवाज आत जातो आणि आंतरकर्णातील निरोगी पेशींकडून उमटणारा क्षीण प्रतिसाद यंत्र टिपते. लंडनमधील संशोधक डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा प्रतिसाद प्रथम नोंदवला. पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ एवढेच उमटते.

कसोटी लागते ती त्याआधी आणि त्यानंतर. बाळ दूध पिऊन शांत झोपलेले हवे. पंखे, मोबाइल आणि भेटीला आलेल्या नातलगांनी भरलेल्या प्रसूती कक्षात शांत कोपरा शोधणे, कानाच्या मापाचे टोक निवडणे, प्रत्येक बाळानंतर ते बदलणे अथवा निर्जंतुक करणे हे सारे तपासनिसाचे काम. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात गर्भजल वा चिकट स्राव राहिल्याने निरोगी बाळही ‘रेफर’ ठरते. थोडे थांबावे तर खाट रिकामी करण्याची घाई असते. शिवाय श्रवणमज्जातंतूचा काही प्रकारचा दोष या यंत्राला कळत नाही; म्हणून अतिदक्षता विभागातील बालकांना मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी स्वयंचलित ‘बेरा’ पद्धतीची चाचणी आवश्यक ठरते.

‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे, फक्त पुन्हा तपासणी, हे बाळंतिणीला आणि तिच्या सासूला समजेल अशा भाषेत सांगणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग. फार घाबरवले तर कुटुंब हादरते. फार धीर दिला तर ते परत येत नाही.

गळती कोठे होते?

उदाहरणादाखल दरमहा ३०० प्रसूती होणारे एक रुग्णालय घेऊ. वर्षाला ३६०० बालके झाली. त्यांतील दहा टक्के पहिल्या चाचणीत ‘रेफर’ ठरली, तर ३६० कुटुंबांना परत बोलवावे लागेल आणि त्यांतून साधारण ४ ते ११ बालकांत खरा दोष निघेल. ही मोजकी बालके नेमकी कोणती, हे आधी कळण्याचा उपाय नाही. परत न आलेल्यांतच ती असली, तर वर्षभराची सारी तपासणी व्यर्थ जाते.

वसई-विरारमध्ये ही गळती होण्यास भरपूर वाव आहे. चार नगरपालिका व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेतच तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. भाड्याच्या खोल्या बदलत राहणारी कामगार कुटुंबे, बाळंतपणानंतर माहेरी किंवा गावी जाणाऱ्या माता, वारंवार बदलणारे मोबाइल क्रमांक अशी येथील स्थिती. पुढील निदानासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था लोकलच्या एका प्रवासावर आहे. पण तान्हे बाळ घेऊन गर्दीची गाडी पकडणे आणि दिवसाची मजुरी बुडवणे हे सोपे गणित नव्हे.

काय करता येईल?

केंद्राचा बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ‘एडिप’ योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. योजना आहेत, त्यांना जोडणारा माणूस हवा. कोची येथे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये एक मार्ग दाखवला. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी प्रशिक्षित कर्मचारी एकच यंत्र घेऊन ठरलेल्या दिवशी रुग्णालयांत फिरू लागले. विखुरलेल्या वसई-विरारला ही व्यवस्था अनुकूल ठरावी.

दुसरा उपाय याहून स्वस्त आहे. दीड महिन्याच्या लसीकरणासाठी बहुतेक माता बाळाला आणतातच. फेरतपासणी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ठेवावी. माता व बाल संरक्षण कार्डावर श्रवण चाचणीचा निकाल ठळकपणे लिहावा, म्हणजे बेचाळीस दिवसांपर्यंत घरभेटी देणाऱ्या आशा सेविकेलाही आठवण करून देता येईल आणि बाळ माहेरी गेले तरी नोंद त्याच्यासोबत जाईल.

या सर्वांच्या मुळाशी तपासनिसाचे पद आहे. कंत्राट संपले की माणूस जातो. त्याच्याबरोबर वहीतील नावांमागची ओळखही जाते आणि यंत्र कपाटात पडून राहते. रुग्णालयाने या पदाचे मोजमाप ‘किती बालके तपासली’ यावर न करता ‘रेफर ठरलेल्यांपैकी किती परत आली’ यावर करावे. हा एक आकडा दरमहा जाहीर झाला, तरी पालघरहून सुरू झालेला कार्यक्रम वसई-विरारच्या तान्ह्यांपर्यंत कितपत पोहोचला, हे नागरिकांना समजेल.