डुकरामागे गेलात आणि अस्वल भेटलं तर? हिशेब आधीच मांडा

राजेश्वर : तुरीला शेंगा धरल्या की आमच्या पट्ट्यात जागल सुरू होते. बॅटरी, काठी, फटाके घेऊन माणूस रात्रभर शेतात. तरी सकाळी चार ओळी आडव्या दिसतातच. मग कुणीतरी म्हणतं, "एकदा बंदोबस्तच करू." हा बंदोबस्त म्हणजे तारेचा फास, करंट नाहीतर गावठी बंदुकीचा बार.

राजेश्वर-बसवकल्याणकडे त्रास डुकरांचा आणि हरणांचा, अस्वलाचा नाही. पण आपले वाचक दूरवर आहेत. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यालगत, मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीत अस्वल वाटेत भेटतं. कर्नाटकात होस्पेटजवळ दरोजीला १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य झालं. अशा भागात डुकरामागे झाडीत शिरणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

आधी जनावर समजून घेऊ. आपलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध आणि फळं खाणारं. माणूस त्याचं खाणं नाही. नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. वारूळ उकरण्यात ते इतकं गुंततं की माणूस दहा पावलांवर आला तरी त्याला पत्ता नसतो. दचकलं की मागे पळण्याऐवजी ते बऱ्याचदा अंगावर येतं आणि थेट डोकं, तोंड धरतं. पाठीवर पिल्लं असलेली मादी तर आणखी कडक.

आता शिकारी काय करतो? वाऱ्याची दिशा बघतो, आवाज करत नाही, अंधारात दबकत जातो, झुडपात दडून बसतो. अस्वलाच्या मुलखात जे जे करू नये, ते सगळं शिकारीत करावंच लागतं. म्हणून 'शिकारीत अस्वलापासून कसं सांभाळायचं' याचं खरं उत्तर एकच, शिकारीला जायचं नाही.

दुसरी बाजू कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ हा केंद्राचा, दोन्ही राज्यांना सारखाच. त्याच्या कलम ११(२) नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढची ओळ माहीत नसते. त्या वेळी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल, तर ही सूट तुम्हाला मिळत नाही. म्हणजे फास लावायला गेलेल्याने जीव वाचवायला अस्वल मारलं, तरी बचावाचा हा मार्ग बंद. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. अभयारण्यात साधं डुक्कर मारलं तरी कैद तितकीच. कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोळी हे अभयारण्यच आहे, हे आपल्याकडच्यांनी ध्यानात ठेवावं.

सीमाभागात आणखी एक गोंधळ होतो. महाराष्ट्रात पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर किंवा रोही वनखात्याच्या परवानगीने मारता येतं, तशी तरतूद २०१५ मध्ये झाली. पण परवानगी ज्या त्या राज्याची. उमरग्याकडचा कागद बसवकल्याणच्या शिवारात चालत नाही. बांध एकच असला तरी सातबारा वेगळा आणि पहाणी वेगळी.

आता ज्यांना जाणं भागच आहे त्यांच्यासाठी. मोहफुलं, तेंदूपानं वेचणारे, गुराखी, जागलीला जाणारे. एकट्याने जाऊ नये. बोलत, खाकरत, काठी आपटत चालावं, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झुडूप, ओढा, खडकाच्या कपारी टाळाव्यात. मोहाखाली जाण्याआधी लांबूनच हाळी द्यावी. अंधारात बॅटरीशिवाय आडोशाला बसू नये. अस्वल लांब दिसलं तर पळू नये, दगड मारू नये, त्याला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरावं. शाळेतल्या गोष्टीत झाडावर चढलेला मित्र वाचला होता. खऱ्या अस्वलाला झाडावर चढता येतं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाकावं. जखम साबणाने भरपूर धुवावी, दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल विचारावं आणि लगेच वनखात्याला कळवावं. पंचनाम्याशिवाय भरपाईचा कागद पुढे सरकत नाही.

पण सगळं शहाणपण शेतकऱ्यालाच शिकवून भागत नाही. पंपाला थ्री-फेज वीज रात्री मिळाली तर पाणी द्यायला माणूस रात्रीच जाणार. नुकसानीचा पंचनामा पीक काढल्यावर झाला तर पुढच्या वर्षी तो फासच लावणार. दिवसा वीज आणि आठवड्याच्या आत पंचनामा, या दोन गोष्टी दोन्ही सरकारांनी दिल्या तर बरेच फास आपोआप उतरतील.

तोवर हिशेब साधा आहे. जमेला दोन-चार किलो मटण, तेही लपवून खायचं. खर्चाला डोळा, जबडा, कोर्टाच्या तारखा आणि घरच्यांची कित्येक वर्षं. असा व्यवहार करायचा का, ते ज्याने त्याने फास उचलण्याआधी ठरवावं.