विश्लेषण : पायाची जखम महिनोन्‌महिने का भरत नाही? दोष मलमाचा नाही, शिरेचा

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये जागा मिळाली नाही, तर तासाभराहून अधिक काळ उभ्यानेच प्रवास. पुढे काम दुकानाच्या काउंटरवर, सुरक्षारक्षकाचे, उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यात किंवा अंबरनाथ एमआयडीसीत मशीनसमोर असेल, तर दिवसही उभ्यानेच जातो. संध्याकाळी पोटऱ्या जड होतात, घोट्याला सूज येते. ‘दमलोय’ म्हणून विषय संपतो. काही वर्षांनी घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि साध्या ओरखड्याची जखम होते. ती भरतच नाही.

नेमके काय बिघडते?

पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. मोटारपंपाच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, तसेच हे. चालताना हा पंप सुरू असतो. नुसते उभे राहिले की जवळपास बंद. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. आनुवंशिकता, वय, बाळंतपणे, लठ्ठपणा ही कारणे आहेतच. मात्र डेन्मार्कमध्ये १२ वर्षे चाललेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या कामकरी वयाच्या लोकांतील एक-पंचमांशाहून अधिक प्रकरणांचा संबंध उभ्याने काम करण्याशी आढळला.

संशोधन काय सांगते?

पूर्वी आधी जखम भरू द्यायची, मग शिरेकडे बघायचे, असा क्रम असे. ब्रिटनमधील २० केंद्रांवरच्या ‘एव्हरा’ चाचणीने तो उलटवला. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. ४५० रुग्णांपैकी सर्वांना घट्ट पट्ट्या बांधल्या. निम्म्यांच्या बिघडलेल्या शिरेवर दोन आठवड्यांच्या आतच उपचार केले. त्यांची जखम भरायला लागलेला मध्यक काळ ५६ दिवस, तर उशिरा उपचार झालेल्यांचा ८२ दिवस. जवळपास चार आठवड्यांचा फरक. रोजंदारीवर पोट असलेल्या घरात चार आठवडे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर आतून बंद करण्याचा हा उपचार बहुतेकदा भूल फक्त पायापुरती देऊन होतो आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

मग मेडिकलमधून घट्ट मोजे आणले की झाले का? नाही. धमन्यांतला रक्तपुरवठाच कमी असेल, तर घट्ट मोज्याने पाय धोक्यात येऊ शकतो. मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर तपासणीशिवाय ते घालूच नयेत.

इथे काय व्हायला हवे?

गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवा, असे ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे २०१३ पासून सांगतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांनी हा एवढा एक नियम भिंतीवर लावायला हरकत नाही. अंबरनाथमध्ये आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आठवड्यातून एक दिवस शिरांची ओपीडी आणि तिथेच कलर डॉपलर, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मलमपट्टीवर महिने घालवणे रुग्णालाही महाग आणि सरकारलाही.

तोवर रुग्णांसाठी एक सूचना. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर लगेच आडवे व्हा, पाय उंच करा आणि जखम दाबून धरा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कामाच्या जागेचा प्रश्न उरतोच. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्या, असे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्येच लिहिलेले होते. छोटे गाळे मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. उल्हासनगरच्या बाजारात काउंटरमागे एक स्टूल ठेवायला मालकाला फारसा खर्च येत नाही.